कात्रणं: मुंबईची सेवा की जळगावचा माणूस?

जळगावात ठिबक, डाळ किंवा केळीच्या धंद्यातल्या कंपनीला बातम्यांवर नजर ठेवायची तर मुंबई-पुण्याची कात्रणं पुरवणारी वर्गणीची सेवा वेब, टीव्ही झपाट्यानं चाळते. पण ‘लोकमत’, ‘देशदूत’च्या जळगाव आवृत्तीचं आतलं पान, चोपडा-यावलची बातमी यादीत आहे का? करारापूर्वी लेखी घ्या. आठवडाभर फुकट चाचणी मागा, रोजच्या अंकांशी ताडून बघा. सुटलेली कात्रणं दाखवूनच भाव पाडता येतो. दर ठोक ठरवा, आपोआप नूतनीकरणाचं कलम खोडा. ‘जाहिरातमूल्या’च्या (बातमीएवढ्या जागेत जाहिरात दिली तर किती पडले असते, या) आकड्यांना पैसे मोजू नका; जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या 2010 च्या बार्सिलोना तत्त्वांनीच ते मोडीत काढलेत.

स्थानिक कात्रणवाला स्वस्त. पोळ्याला सुट्टी घेणार, वेबचं त्याला झेपत नाही. पण केळीभावावरून रावेरात ओरड झाली की पहिला फोन त्याचाच. छापील त्याच्याकडे ठेवून सेवेकडे फक्त वेबचा दर मागावा.