ब्रेव्हेसाठी चष्मा: फोटोक्रोमिक काच की बदलत्या काचा?

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी. 200 किमीच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. पहाटे अंधारात सुरुवात, दुपारी कडक ऊन आणि वेग कमी असेल तर शेवट पुन्हा अंधारात. एकाच गडद काचेत हे निभत नाही.

फोटोक्रोमिक काच अतिनील किरणांनी आपोआप गडद होते, थांबावं लागत नाही. गडद व्हायला अर्धा-एक मिनिट पुरतं, पण उजळायला काही मिनिटं लागतात. गोची इथेच होते: उन्हातून थेट बोगद्यात शिरलात की खड्डा दिसत नाही. अशा वेळी चष्मा नाकावर खाली सरकवा. दुसरी अडचण उष्णतेची. थंडीत ही काच जितकी गडद होते तितकी एप्रिल-मेच्या उन्हात होत नाही. शिवाय काही वर्षांत तिचा गुण ओसरतो.

बदलत्या, म्हणजे हाताने काढून घालायच्या काचांच्या चष्म्यात गडद (कॅटेगरी 3, म्हणजे 8 ते 18 टक्के प्रकाश आत सोडणारी) आणि पारदर्शक अशा दोन काचा पुरतात. काम चोख, पण ती काच बदलायला थांबावंच लागतं. घामट बोटांचे डाग पडतात, खिशात मोकळी ठेवली तर चरे. मऊ कापडी पिशवी हवीच.

ब्रेव्हेला फोटोक्रोमिकच घ्यावी, मात्र गडद न झालेली काच 80 टक्क्यांच्या आसपास प्रकाश सोडते का ते विचारून. काहींची सुरुवातच 40 टक्क्यांवर असते, रात्री ती निरुपयोगी. फक्त सकाळी तासाभराची फेरी असेल तर साधी पारदर्शक काचही चालेल.