चार तारे दिलेत, पाचवा काउंटरवर अडकलाय

गर्भपातासाठी गेले त्या दवाखान्याबद्दल लिहितेय, माझं नाव लिहिणार नाही. वय ३३, मुलगी पहिलीत, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. साधन फसलं, पाळी चुकली, पट्टीवर दोन रेघा आल्या. आम्हा दोघांनाही दुसरं नको होतं. एवढं पुरे.

आधी दुसरीकडे गेले होते. तिथली सिस्टर म्हणाली, "मिस्टरांना घेऊन या, त्यांची सही लागती." आणि मी उठता उठता, "नंतर आयुष्यभर मनाला खातंय हां, बघा." मिस्टर तेव्हा ट्रक घेऊन हुबळीला. परत येताना वडापमध्ये खिडकीकडं तोंड करून रडले, ते सिस्टरच्या त्या शेवटच्या वाक्यानं.

इथं डॉक्टर मॅडमनी आधी सहीचंच मिटवलं. बाई अठरा पूर्ण असेल तर तिची एकटीची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. गर्भपाताचा १९७१ चा कायदा, २०२१ मध्ये दुरुस्त झालेला. साधन फसून राहिलं असेल तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. आणि अशा नको असलेल्या गर्भानं बाईच्या मनाला गंभीर इजा होते, हे कायदा धरूनच चालतो म्हणे. मला वाटायचं, मनबिन हे आपलं घरातलं बोलणं. ते कायद्यात लिहिलंय!

सोनोग्राफीला पडदा माझ्याकडं वळवण्याआधी विचारलं, "बघायचंय का?" नको म्हटलं. नाही वळवला. सात आठवडे होते. रक्तगट, हिमोग्लोबिन तपासलं.

मग विचारलं, "मुलीच्या वेळी बाळंतपणानंतर कशा होता?"

"बरी होते की."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि गप्प बसल्या. मग माझ्याच तोंडून बाहेर पडलं. चार महिने अंघोळ नको वाटायची. पोरगी रडायला लागली की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. सासूबाई म्हणायच्या, बाळंतीण अशीच असती, होतंय कमी. सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनी केसपेपरवर लिहून घेतलं.

मी सिस्टरचं वाक्य सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेनं २००८ साली यावरचे अभ्यास तपासले होते. नको असलेला गर्भ पहिल्या तीन महिन्यांत एकदा पाडला, तर मानसिक आजाराचा धोका तो वाढवून बाळंत होण्यापेक्षा जास्त नसतो. आधीपासून मन आजारी असेल तर मात्र जपावं लागतं. "तुमच्यावर मी लक्ष ठेवणार ते त्या चार महिन्यांमुळं. रडू आलं तर या, मोकळं वाटलं तर त्याचीही लाज धरू नका." आणि शेवटी, "अजून विचार करायचा असेल तर दोन दिवसांनी या, उशीर होत नाही." मी त्याच दिवशी सही केली.

पहिली गोळी तिथंच घेतली, दोन दिवसांनी चार गोळ्या घरी. सोबत मराठीत छापलेला कागद, मोठ्या अक्षरात: सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजले, ताप एक दिवसाहून जास्त राहिला किंवा घाण वास आला तर लगेच या. पट्टी काही आठवडे दोन रेघा दाखवू शकते, घाबरू नका. पुढची पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात, म्हणून साधन आत्ताच ठरवा. हे शेवटचं मला माहीतच नव्हतं. कागदाच्या तळाशी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, १४४१६. पोटात कळा मात्र कागदावर लिहिल्यात त्याहून जास्त आल्या, ते कागद दुरुस्त करणाऱ्यांनी बघावं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. रक्तस्रावाचं विचारलं, मग, "झोप लागते का?" चौदाव्या दिवशी सोनोग्राफीत सगळं साफ.

आता पाचव्या ताऱ्याचं. माझा सहीचा फॉर्म मॅडमनी माझ्यासमोर पाकिटात घातला, चिकटवला, वर नावाऐवजी नंबर आणि 'गोपनीय' लिहिलं. तसा नियमच आहे. आणि मी बाहेर आले तर काउंटरवरची पोरगी भरल्या हॉलमध्ये ओरडली, "गोळ्यांचं पेशंट कोण वं?" बाकावर आमच्या गल्लीतल्या दोघी बसलेल्या. मी जागची हलले नाही. आयामावशी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "चला ताई, मी घेते पावती." त्या मावशींना वेगळा तारा देता येत असेल तर द्या.

मॅडमना सांगितलं. आता म्हणे नंबर पुकारतात. पुढच्या महिन्यात तांबी बसवायला जायचंय, तेव्हा ऐकून येते.