गावासाठी काम आणि त्यातून शिकणं : एनएसएस, हरित सेना की आयबीटी?

वर्षाचं नियोजन करताना ‘मुलं समाजाशी जोडली जावीत’ हे वाक्य प्रत्येक शाळेच्या आराखड्यात येतं. मग प्रभातफेरी निघते, परिसर स्वच्छ होतो, फोटो निघतात. त्यात सेवा नक्कीच आहे. पण सेवेतून शिकणं म्हणायचं तर गावाची खरी गरज, वर्गातला धडा आणि कामानंतर मुलांनी एकत्र बसून केलेला विचार, हे तिन्ही लागतं. महाराष्ट्रातल्या शाळेपुढे असलेले तीन पर्याय मी याच कसोटीवर लावून पाहिले आहेत.

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. पुढे ती अकरावी-बारावीपर्यंत आली. तिची घडी पक्की आहे: दोन वर्षांत 240 तास, दत्तक गाव, सात दिवसांचं निवासी शिबिर, जबाबदार कार्यक्रम अधिकारी, नोंदी आणि शेवटी प्रमाणपत्र. नवख्या शिक्षकाला शून्यातून काही उभं करावं लागत नाही. शिबिरात गावात राहणं, गावाच्या पंगतीत जेवणं मुलांना जे देतं, ते दुसऱ्या कुठल्याही पर्यायात मिळत नाही. उणीव एकच, पण मोठी आहे. या कामाचा विषयांच्या अभ्यासक्रमाशी थेट सांधा नाही, तो प्राध्यापकांनीच जुळवायचा. शिवाय दहावीपर्यंतच्या शाळेला ही योजना लागूच होत नाही.

राष्ट्रीय हरित सेना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2001-02 मध्ये सुरू केली. तीस ते पन्नास मुलांचा गट आणि एक उत्साही शिक्षक असला की पर्यावरणाचं काम सुरू होतं. तीन पर्यायांत सर्वांत कमी खर्चाचा हाच. पण तो त्या एका शिक्षकावर उभा असतो आणि बदली झाली की गट विस्कटतो. रोपं पावसाळ्यात लागतात, पण मे महिन्यात शाळा बंद असताना पाणी कोण घालणार, हे लावण्याआधीच ठरवायला हवं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो पाबळचा मार्ग. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, म्हणजे आयबीटी, शाळांत गेली. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. शिकलेलं काम मुलं गावाला सेवा म्हणून देतात आणि गाव त्याचं मोल देतं. मला यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. पैसे देणारा माणूस काम नीट झालं का हे विचारतो. वेल्डिंगचा जोड सुटला तर मुलाला तो पुन्हा जोडून द्यावा लागतो. फुकट केलेल्या कामाबद्दल गावकरी सहसा तक्रारही करत नाहीत.

अभ्यासाचा सांधाही इथे आपोआप जुळतो. एक मीटर व्यासाचा आणि एक मीटर खोल शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारा दगडांनी भरलेला खड्डा, घ्या. दहावीच्या महत्त्वमापनातल्या सूत्राने तो सुमारे 785 लिटरचा निघतो. पण दगड भरल्यावर पाण्याला जागा किती उरते? तेच दगड बादलीत भरायचे, काठोकाठ पाणी ओतून मोजायचं, की पोकळीचं प्रमाण हाती येतं. मग घरातलं सांडपाणी रोज किती, हे विचारायला मुलं स्वतःच दारोदार जातात.

अडचण खर्चाची आणि वेळापत्रकाची आहे. अवजारं, शेड, कच्चा माल आणि काम शिकवणाऱ्या स्थानिक निदेशकाचं मानधन लागतं. आठवड्याचा एक पूर्ण दिवस सोडायला विषयशिक्षक चटकन तयार होत नाहीत. पालकांनाही दहावीच्या वर्षी काळजी वाटते. ती समजून घेऊन आठवीपासूनच सुरुवात करावी.

म्हणून कनिष्ठ महाविद्यालय असेल तर एनएसएस घ्या आणि शिबिराच्या दोन महिने आधी मुलांना दत्तक गावाच्या ग्रामसभेत नेऊन बसवा. माध्यमिक शाळेला दिवस आणि निदेशक दोन्ही मिळत असतील तर मी आयबीटीच सुचवीन. दोन्ही नसतील तर हरित सेनेपासून निघा, पण दोन शिक्षकांच्या नावावर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. गावातल्या गवंड्याकडे, सुताराकडे मुलांना नेण्यासाठी ते वापरता येतील.

पर्याय कुठलाही असो, कामानंतरची एक तासिका वेळापत्रकात आजच लिहून ठेवा. त्या तासिकेला मुलांना तीनच प्रश्न पुरतात: गावाला काय हवं होतं, आपण काय दिलं, आणि कुठे चुकलो?