हार्ड कोरल की सॉफ्ट कोरल? नागपुरात राहून प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

माझी भाची इथेच नागपुरात एमएस्सी झूलॉजी करून राहिली आहे, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिच्यासमोर दोन विषय आहेत. हार्ड कोरल किंवा सॉफ्ट कोरल, दोन्ही तामिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातातले. परवा घरी आली, तर्री पोहे खाता खाता म्हणे, मावशी तू सांग नं, सगळे म्हणतात हार्ड घे, त्याच्यावर पेपर भरपूर आहेत, सॉफ्टचं काही होत नाही ते मरतच नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून मी चमचा खाली ठेवला. मी स्वतः तिथल्या किनाऱ्यावरच्या मंडपमला दोन सीझन हार्ड कोरल मोजलेत, आता शिकवते, आणि हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच, म्हणून तिला जे सांगितलं ते इथे सगळ्यांसाठी लिहून ठेवते.

आधी फरक काय ते. मराठीत दोघंही प्रवाळच. हार्ड कोरलचा पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एकेक छोटा जीव, स्वतःच्या खाली अॅरागोनाइटचा म्हणजे एका प्रकारच्या चुन्याचा दगड बांधत जातो, त्याचे टेंटॅकल्स, म्हणजे तोंडाभोवतीचे हात, सहाच्या पटीत. सॉफ्ट कोरलला बरोब्बर ८ टेंटॅकल्स, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी पिसासारख्या बारीक फांद्या, आणि खाली दगड नाही तर मांसातच पसरलेले चुन्याचे सूक्ष्म काटे, त्यांना स्क्लेराइट म्हणतात. पण ही सीमारेषा वाटते तितकी स्वच्छ नाही. निळं कोरल हेलिओपोरा आणि लाल नळ्यांचं ट्यूबिपोरा, दोघंही ८ टेंटॅकल्सवाल्या घराण्यातले, तरी हाताला टणक लागतात. आणि सिन्युलारियाच्या काही जाती तर बुडाशी आपले स्क्लेराइट एकमेकांत घट्ट चिकटवून खरा दगड तयार करतात. त्यामुळे रीफ, म्हणजे समुद्रातली प्रवाळांची भिंत, फक्त हार्ड कोरलच बांधतं हे पुस्तकातलं वाक्य मोठ्या प्रमाणात खरं असलं तरी पूर्ण नाही.

आता मुख्य मुद्दा, टिकून राहण्याचा. सॉफ्ट कोरल चिवट असतं ही समजूत आली कुठून, तर बऱ्याच ठिकाणी तसं दिसलंय म्हणून. काटेरी तारामासा हार्ड कोरल खाऊन जातो आणि मोकळ्या जागेवर सॉफ्ट पसरतं. इंडोनेशियात डायनामाइटने मासेमारी झाली त्या भागात तुटक्या तुकड्यांच्या ढिगावर झेनिया या सॉफ्ट कोरलची गादी पसरली आणि हार्ड कोरलच्या पिल्लांना बसायला जागाच उरली नाही. व्हेनेझुएलात युनोमिया नावाचं इंडो-पॅसिफिकमधलं सॉफ्ट कोरल अॅक्वेरियमच्या धंद्यातून समुद्रात गेलं आणि मोचिमा नॅशनल पार्कच्या रीफवर चादरीसारखं पसरलं. २०२३ मधे पोर्तो रिकोमधेही झेनिया सापडलं. कॅरिबियनमधे हार्ड कोरल घटत गेलं पण सी-फॅन, म्हणजे पंख्याच्या आकाराची ८ टेंटॅकल्सवाली कोरलं, आणि त्यांचे भाऊबंद बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत, सेंट जॉन बेटावर तर २०१७ च्या इर्मा आणि मारिया या दोन चक्रीवादळांनंतरही ते पुन्हा भरून आले.

हे सगळं खरं. पण यातले बहुतेक प्राणी झेनियासारखे भरभर वाढणारे, तुकड्यातून नवीन वसाहत करणारे आहेत. याच्या अगदी उलट सार्कोफायटन आणि सिन्युलारिया ही सॉफ्ट कोरलं बघा. कोरलच्या अभ्यासक कॅथरिना फॅब्रिसियस यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर त्यांच्या वसाहती साडेतीन वर्षं एकेक करून पाहिल्या, १९९५ मधे ते छापून आलं, आणि दिसलं काय तर वाढ अगदी हळू, नवीन पिल्लं फार कमी, मरणंही कमी. म्हणजे जे मोठं सार्कोफायटन तुम्हाला दिसतं ते तिथलं जुनं झाड आहे, आपल्या सेमिनरी हिल्सवरच्या एखाद्या म्हाताऱ्या झाडासारखं, कापलं तर पुढच्या पिढीला दिसणार नाही. एका टोपलीत झेनिया आणि सार्कोफायटन टाकून “सॉफ्ट कोरल चिवट” म्हणणं म्हणजे गाजरगवत आणि साग दोन्ही वनस्पती म्हणून सोडून देणं.

ब्लीचिंगचंही, म्हणजे कोरल पांढरं पडण्याचंही, तसंच. आपल्याला मे महिन्यात ४४ आणि ४५ डिग्रीत काही फरक वाटत नाही, कूलर दोन्ही दिवशी तेवढाच चालतो. समुद्रात मात्र उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल सरासरीपेक्षा फक्त १ डिग्री जास्त तापमान चार-सहा आठवडे राहिलं तरी कोरल पांढरं पडायला लागतं, कारण आतली एकपेशीय शैवालं, झूझॅन्थेली, बाहेर टाकली जातात. ज्या सॉफ्ट कोरलमधे ही शैवालं आहेत ते पण पांढरं पडतं, आकसतं, मरतं. डेंड्रोनेफ्थिया या रंगीत फुलकोबीसारख्या सॉफ्ट कोरलमधे शैवालं नसतातच, त्यामुळे ते ब्लीच होत नाही, पण त्याला सतत प्रवाह लागतो आणि पाण्यातले सूक्ष्म वनस्पती-प्लवक पकडून जगावं लागतं, प्रवाह थांबला की उपासमार.

आणि आता जे मला तिला सगळ्यात आधी सांगायचं होतं ते. हार्ड कोरल मेलं की सांगाडा मागे राहतो. पुढच्या वर्षी गेलात तरी तो दिसतो, शेवाळ चढलेलं असलं तरी कळतं की इथे अॅक्रोपोरा हे फांद्यांचं हार्ड कोरल होतं. पोराइट्स या हार्ड कोरलच्या मोठ्या गोट्यात ड्रिल करून गाभा काढला तर झाडासारखे वार्षिक पट्टे मिळतात, शंभर-दोनशे वर्षांचा हिशोब. सॉफ्ट कोरल मेलं की काही दिवसांत सडून जातं आणि जागा रिकामी, बघणारा म्हणतो इथे कधी काही नव्हतंच. म्हणजे “मरत नाही” असं नाही, मेलेलं दिसत नाही. ब्लीचिंगनंतर सहा महिन्यांनी बोट घेऊन गेलेल्या टीमला हार्डचं नुकसान मोजता येतं, सॉफ्टचं नाही. त्यात भर म्हणजे रीफ सर्व्हेच्या बऱ्याच फॉर्ममधे हार्ड कोरलचे आकारावरून पाच-सहा प्रकार असतात आणि सॉफ्टला एकच कोड, एससी. मी पण दोन सीझन तेच भरलं, सार्कोफायटन असो की झेनिया, एससी, एससी, एससी. आज त्या डेटामधून कोणतं गेलं आणि कोणतं आलं काहीच काढता येत नाही आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पाण्यात मी होते, बघत होते, फक्त लिहिलं नाही.

गढूळ पाण्याचं थोडक्यात सांगते, कारण इथेही उलटं समजलं जातं. ग्रेट बॅरियर रीफवर फॅब्रिसियस आणि डेआथ यांनी दाखवलं की पाणी जितकं गढूळ तितके सॉफ्ट कोरलचे प्रकार कमी. अॅसिडिफिकेशनमधे, म्हणजे समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकतं तेव्हा, मात्र सॉफ्टची बाजू बरी दिसते, लाल समुद्रातल्या काही जाती ५ महिने ७.३ पर्यंत पीएच उतरवून ठेवल्या तरी स्क्लेराइटवर खास परिणाम दिसला नाही, मांसाचं आवरण त्यांना झाकून ठेवतं. हार्ड कोरलचा दगड बांधायचा वेग अशा पाण्यात बहुतेक वेळा मंदावतो. मग माशांचं काय? फांद्यांच्या हार्ड कोरलमधे लहान मासे लपतात, २००१ मधल्या एका प्रयोगात मात्र सॉफ्ट कोरल काढून टाकलं तरी माशांच्या समूहावर परिणाम दिसला नाही. रीफवर सॉफ्ट वाढलं म्हणजे रीफ वाचलं असं समजून खूश होऊ नका, एवढंच त्याच्यातून घ्या.

केमिस्ट्रीत रस असेल तर सॉफ्टला तोड नाही. पळता येत नाही, सांगाडा नाही, म्हणून ही मंडळी अंगात टर्पीन नावाची रसायनं ठेवतात, मासे चाखून सोडून देतात, शेजारच्या हार्ड कोरलची ऊतीही मरते. आधी वाटायचं ही रसायनं आतले जीवाणू किंवा शैवालं बनवत असतील, २०२२ मधे जीन सापडले आणि कळलं की कोरल स्वतःच बनवतं. तरी पांढरीशुभ्र ओव्ह्युला ही अंडकवडी सार्कोफायटन आरामात खाते. झेनियाच्या जवळचं हेटेरोझेनिया तर मूठ उघड-मीट केल्यासारखं दिवसभर हलत असतं, २०१३ मधे कळलं की त्या हलण्याने साचलेला ऑक्सिजन निघून जातो आणि आतल्या शैवालाचं प्रकाशसंश्लेषण वाढतं.

आता नागपूरचा हिशोब. समुद्र आपल्यापासून लांब, चेन्नईपर्यंत थेट गाडी, मग बदलून मंडपम. सारखं जाणं परवडत नाही. हार्ड घेतलं तर एकदा जाऊन क्वाड्रॅटचे, म्हणजे तळावर ठेवलेल्या मोजमापाच्या चौकटीचे, फोटो आणायचे आणि घरी लॅपटॉपवर मोजत बसायचं, हे जमण्यासारखं आहे, प्रजाती ओळखायला पुस्तकं आणि फोटो भरपूर. सॉफ्ट फोटोवरून जीनसपर्यंतच, तेही जपून. सार्कोफायटन म्हणजे देठावर मशरूमची टोपी, त्याच्यावर दोन प्रकारचे पॉलिप. लोबोफायटनवर पण दोन प्रकारचे पण आकार बोटांसारखा किंवा घड्यांचा, सिन्युलारियावर एकाच प्रकारचे. त्यापुढे स्क्लेराइटच बघावे लागतात, आणि ते मात्र इथल्या साध्या लॅबमधे होतं. नखाएवढा तुकडा हायपोक्लोराइटमधे टाकला की मांस विरघळतं, खाली पांढरी भुकटी बसते, पाण्याने चार-पाच वेळा धुवायची, स्लाइड करायची आणि साधा कंपाउंड मायक्रोस्कोप पुरतो. तुकडा वरच्या पृष्ठभागातून वेगळा आणि बुडातून वेगळा घ्यायचा, दोन्हीकडचे काटे वेगळे असतात, एकच घेतला तर ओळख चुकते. आणि सॅम्पल अल्कोहोलमधे ठेवायचं. एका जुन्या संग्रहातली बरणी मला मोठ्या कौतुकाने दिली होती, वर्षानुवर्षं साध्या फॉर्मॅलिनमधे होती, आम्लाने सगळे स्क्लेराइट खाऊन टाकलेले, हातात नाव नसलेला मऊ गोळा उरला.

जुनी पुस्तकं वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा, ज्या अल्सिओनेशिया गणाखाली सॉफ्ट कोरल शिकवतात तो २०२२ मधे मोडीत निघाला, आता मॅलॅकअल्सिओनेशिया आणि स्क्लेरअल्सिओनेशिया असे दोन गण आहेत. व्हायव्हाला हमखास विचारतील.

परवानगी हा विषय हलका घेऊ नका. २००१ मधे सगळे हार्ड कोरल, काळं कोरल, ट्यूबिपोरा, फायर कोरल आणि सी-फॅन वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधे गेले. २०२२ च्या दुरुस्तीत याद्या नव्याने मांडल्या आहेत, म्हणून आताची यादी स्वतः उघडून बघा. मांसल सॉफ्ट कोरल २००१ च्या त्या नोंदीत नव्हतं, पण मन्नारची बेटं नॅशनल पार्कात आहेत, तिथे तामिळनाडू वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक तुकडाही उचलायचा नाही, कोणी बोटवाला काढून देतो म्हणाला तरी नाही.

तर भाचीला मी सॉफ्ट घे म्हटलं, पण अट घालून. “सॉफ्ट कोरलचा चिवटपणा” असला मोठा विषय नको, फक्त सार्कोफायटन, लोबोफायटन आणि सिन्युलारिया, एकाच बेटाजवळ, वसाहतींना नंबर देऊन, स्केल ठेवून फोटो आणि स्क्लेराइटने ओळख पक्की. पुढच्या वर्षी दुसरा कोणी विद्यार्थी त्याच नंबरांवर गेला तर कोणतं आकसलं, कोणतं गायब झालं ते सांगता येईल, एससी या एका कोडमधून ते कधीच निघणार नाही. जिला पुढे हवामान बदलाचा जुना इतिहास काढायचाय किंवा रीफ रिस्टोरेशनमधे जायचंय तिने मात्र हार्डच घ्यावं, तिथे सॉफ्टची फारशी मदत होणार नाही. आणि पोहता येत नसेल तर दोन्हीपैकी काहीही ठरवायच्या आधी स्विमिंग पूल लावा, भाची उद्यापासून सकाळी सहाला जाणार आहे. परवानगीचा अर्ज आम्ही या आठवड्यात पाठवून राहिलो, वेळेत नाही आली तर आधीच काढलेल्या फोटोंवर हार्ड कोरलचं मोजमाप, हा दुसरा प्लॅन गाइडकडून आत्ताच सही करून घेतलाय.