रॉजर अ‍ॅक्रॉइड की ओरिएंट एक्सप्रेस?

(दोन्ही वाचल्या नसतील तर इथेच थांबा, पुढे खुनी फोडलाय.)

अगाथा ख्रिस्तीच्या या दोन कादंबऱ्यांत माझं मत ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ला (१९२६). गोष्ट सांगणारे डॉक्टर शेपर्डच खुनी निघतात. चीड येते ती याची, की ते आपल्याला थाप मारत नाहीत, नुसतं गाळतात. खून होतो त्या रात्री अ‍ॅक्रॉइडच्या हाती पत्र आलं आठ चाळीसला, डॉक्टर त्याच्याकडून निघाले आठ पन्नासला, पत्र अजून न वाचलेलंच. मधली दहा मिनिटं कुठे गेली, हे आपण विचारतच नाही! डॉक्टरवर संशय घ्यायची आपल्याला सवयच नसते म्हणा.

‘ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये (१९३४) उलटं. एकेक संशयित वगळत जावं, तर सगळेच सामील. बर्फात अडकलेली गाडी, प्रेताच्या अंगावर बारा घाव आणि मागे अमेरिकन वैमानिक लिंडबर्गच्या बाळाच्या १९३२ मधल्या खऱ्याखुऱ्या अपहरणाची सावली. पहिल्या वाचनात हीच सरस, कबूल. पण उत्तर कळल्यावर पुन्हा वाचताना उरतो तो गुप्तहेर पॉयरोचा उलटतपास, तोही जरा लांबलेला.

अ‍ॅक्रॉइड दुसऱ्यांदा मी पेन्सिल घेऊन वाचली. त्या दहा मिनिटांपाशी समासात एकच शब्द लिहिलाय: ‘लबाड’.