पीएचडीचं ‘फुल पॅकेज’: स्कॅनिंगला दहापैकी दहा, एसओपीला भोपळा

नाव घेत नाही, पण रत्नागिरीत फॉरेन अॅडमिशनचे जे बोर्ड दिसतात त्यातलंच एक ऑफिस. मला अमेरिकेत फॅमिली सोशल सायन्सच्या (म्हणजे कुटुंबं आणि त्यांच्यातली नाती यांचा अभ्यास) पीएचडीला अप्लाय करायचं होतं म्हणून फुल पॅकेज घेतलं, पैसे सगळे आधीच.

चांगलं आधी सांगते. काउंटरवरच्या ताई एक नंबर. सगळ्या मार्कशीट सेमिस्टरप्रमाणे लावून सरळ स्कॅन केल्या, पासपोर्टवर सासरचं नाव आणि मार्कशीटवर माहेरचं हे पहिल्या दिवशीच त्यांच्या लक्षात आलं आणि अॅफिडेव्हिट करायला पाठवलं, ट्रान्सक्रिप्टसाठी मुंबई विद्यापीठात कलिन्याला काय काय न्यायचं तेही लिहून दिलं. आयईएलटीएसचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, स्कोअर दोनच वर्षं चालतो, उगाच घाई करू नका, हेही त्यांनीच सांगितलं.

मग आत सर. “फॅमिली म्हणजे होम सायन्सच ना?” बरं, असो.

माझा विषय आहे मासेमारीच्या बोटीवर गेलेला माणूस परत आला नाही आणि बॉडीही मिळाली नाही अशी घरं. मिरकरवाड्यात, हर्णैला कोणालाही विचारा. मंगळसूत्र ठेवायचं की काढायचं इथपासून प्रश्न, आणि सात वर्षं काही खबर नसेल तर माणूस गेला असं कोर्ट धरतं, तोवर बँकेचं, घराचं सगळं लटकलेलं. यावर अमेरिकेत पॉलीन बॉस यांचं काम आहे, १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांवरून सुरू झालेलं, ‘अॅम्बिग्युअस लॉस’ म्हणतात त्याला, म्हणजे माणूस गेला की आहे हेच नक्की नाही असं दुःख. त्या मिनेसोटा विद्यापीठात प्रोफेसर होत्या, आणि तिथे फॅमिली सोशल सायन्सचा स्वतंत्र विभागच आहे. हे सगळं मी सरांना लिहून दिलं होतं हो!

एसओपीचा, म्हणजे मला काय आणि का शिकायचंय ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनाचा, ड्राफ्ट आला तो “लहानपणापासून मला समाजसेवेची ओढ” पासून सुरू, पुढे भारतीय एकत्र कुटुंब किती महान वगैरे, आणि मच्छीमार हा शब्द अख्ख्या दोन पानांत नाही. विचारलं तर म्हणे “ते निगेटिव्ह वाटतं मॅडम.” पीएचडीला तुमचा प्रश्न काय आणि तिथल्या कुठल्या प्रोफेसरच्या कामाशी तो जुळतो हेच तर बघतात, नुसते मार्क बघून घेत नाहीत. फॉर्मवर कपल अँड फॅमिली थेरपीला पण टिक मारून ठेवलेली, “चान्स वाढतो” म्हणून, त्यात क्लिनिकल ट्रेनिंग असतं याचा पत्ताच नाही. वर घर तारण ठेवून लोनचा फॉर्म पुढे केला. अहो, तिकडे पीएचडीला बहुतेक असिस्टंटशिप मिळते, फी माफ होऊन वर स्टायपेंड, ते न मिळता अॅडमिशन आली तर जायचं का हाच मोठा प्रश्न, आणि हे आधीच कर्ज काढायला बसलेत.

शेवटी एसओपी मी स्वतःच लिहिली आणि शिफारसपत्रांसाठी माझ्या एमएच्या मॅडमच्या मागे लागले.

दोन स्टार, दोन्ही काउंटरवरच्या ताईंचे. मास्टर्सवाल्यांना कदाचित चालेल. एसओपीचे पैसे परत मागितलेत, “सरांना विचारून सांगते” चालू आहे, मिळाले तर इथेच अपडेट टाकेन.