एम.टेक. कॉम्प्युटर इंटिग्रेटेड मॅन्युफॅक्चरिंग (सीआयएम), सोबत रिस्क मॅनेजमेंट इलेक्टिव्ह : दोन वर्षं करून आलोय, सविस्तर रिव्ह्यू

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल. बीई मेकॅनिकल, नंतर चाकणला साडेतीन वर्षं सीएनसी (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) शॉपला, त्यात दीड वर्ष नाइट शिफ्ट, मग गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) देऊन नोकरी सोडली आणि फुल टाइम एम.टेक. केलं. कॉलेजचं नाव घेत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तिथले दोन प्राध्यापक मला मनापासून आवडतात. पैशाचं लगेच सांगून टाकतो, गेट व्हॅलिड असेल आणि कॉलेज-कोर्स एआयसीटीई मान्य असेल तर महिना १२,४०० स्टायपेंड, पुण्यात रूम शेअर करून आणि मेसचा डबा लावून भागतं पण घरी पाठवायला काही उरत नाही, लग्न झालेल्यांनी हे नीट धरून चला.

पहिलं सेम सरळ आहे. सरफेस मॉडेलिंग, सीएनसी, ऑटोमेशन, ऑप्टिमायझेशन. ज्याने शॉपवर काम केलंय त्याला सीएनसीचा पेपर सोपा जातो, मॅथ्स मात्र पुन्हा उघडावं लागतं.

दुसऱ्या सेमला खरी मजा आली. ग्रुप टेक्नॉलॉजी (सारख्या पार्टचे गट करून काम सोपं करायचं) शिकवताना सरांनी भंगारवाल्याकडून आणलेली जॉबची एक क्रेट टेबलावर ओतली, शाफ्ट, फ्लँज, बुश, ब्रॅकेट, सगळं तेलकट, आणि म्हणाले ओपिट्झ कोड लावा. हा कोड जर्मनीत आखेनला तयार झाला, पार्टचा आकार, भोकं, दात, मटेरियल अशा गोष्टींना एकेक आकडा द्यायचा आणि नऊ आकड्यांत पार्टची कुंडली मांडायची. चाळीस पार्टला हाताने कोड लावताना डोकं पिकलं पण शेवटी बघितलं तर निम्म्याहून जास्त पार्ट तीनच फॅमिलीत बसत होते. मी साडेतीन वर्षं ज्या शॉपला काम केलं तिथे प्रत्येक पार्टला नवा प्रोसेस प्लॅन, नवं फिक्स्चर, आणि दर वेळी सेटरचा अख्खा तास जायचा. तिथे हे कोणी केलं असतं तर किती सेटिंग वाचली असती हा विचार त्या दिवशी हॉस्टेलला येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. या एका विषयासाठीसुद्धा कोर्स घ्यावा असं मी म्हणेन.

आता लॅब. ब्रोशरमध्ये फोटो असतो तोच सेल, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या मशीनचा संच, एक स्टोरेज रॅक, कन्व्हेयर, रोबो, छोटं लेथ, छोटं मिलिंग, शेवटी व्हिजन कॅमेरा. मी होतो त्या दोन वर्षांत हा सेल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग चाललेला मी फक्त तीनदा बघितला. कारण काय तर सगळं एका जुन्या पीसीवरच्या सुपरवायझरी सॉफ्टवेअरवर, त्याचं लायसन्स एका डोंगलवर (पीसीला लावायची छोटी किल्ली), आणि तो पीसी गेला की रोबो चांगला, लेथ चांगलं, कन्व्हेयर चांगला पण सेल बंद. बॅकअप इमेज कोणी काढलेलीच नव्हती. एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपलेली, लॅब असिस्टंट दादा बिचारे स्वतःच्या हिमतीवर जे जमेल ते करायचे. विद्यार्थ्यांची फी घेताय तर एवढं तरी झालं पाहिजे, मी हे फीडबॅक फॉर्ममध्ये पण लिहून दिलंय. लॅबला पाचपैकी दोन.

आणि रिस्क मॅनेजमेंटच्या इलेक्टिव्हला पाचपैकी पाच. बरेच जण ते स्कोअरिंग म्हणून घेतात, मी पण तसंच घेतलं होतं. मॅडम इंडस्ट्रीत काम करून आलेल्या. पहिल्या लेक्चरला त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. एक, ब्रेकच्या पार्टला क्रॅक, सिव्हिरिटी (परिणाम किती गंभीर) १०, ऑकरन्स (किती वेळा घडतं) २, डिटेक्शन (पकडणं किती अवघड) ३. दुसरी, कव्हरला बर (कडेला राहिलेली धातूची धार) राहणे, ३, ५ आणि ४. गुणाकार करा म्हणाल्या. दोन्हीचा आरपीएन (जोखमीचा आकडा) ६०, म्हणजे ब्रेकचा क्रॅक आणि कव्हरचा बर एकाच पायरीवर. आम्ही गप्प. मी कंपनीत एफएमईएच्या (काय बिघडू शकतं त्याची यादी) शीट भरल्या होत्या, आरपीएन १०० च्या खाली आणायचा एवढंच आम्हाला माहिती, आणि तो कसा खाली येतो हे शॉपवरच्या प्रत्येकाला माहिती असतं, डिटेक्शनचा आकडा एकने कमी करायचा. म्हणूनच २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या) हँडबुकमध्ये आरपीएन काढून अॅक्शन प्रायॉरिटी आणली, हाय, मीडियम, लो, आणि त्यात सिव्हिरिटीला वजन जास्त. युनिव्हर्सिटीच्या सिलॅबसमध्ये अजून जुनंच आहे, मॅडमनी दोन्ही शिकवलं.

पण त्यांच्याकडून मी जी गोष्ट घेतली ती वेगळी आहे. सीआयएम ही कल्पना जोसेफ हॅरिंग्टन यांनी १९७३ ला मांडली, डिझाइन, प्लॅनिंग, मशीन, स्टोअर हे सगळे तुकडे कॉम्प्युटरने एकमेकांना जोडायचे. सीआयएमच्या पेपरला आम्हाला जोडायचे फायदे शिकवले, आणि रिस्कच्या पेपरला मॅडमनी विचारलं की जोडल्यावर एक तुकडा पडला तर किती जण पडतात ते मोजलंय का. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये कारियाच्या आयसिन कारखान्याला आग लागली, तिथे टोयोटाचा ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह बनायचा, जवळजवळ सगळा तिथूनच, आणि जस्ट इन टाइममुळे (माल लागेल तेव्हाच मागवायचा) स्टॉक काही तासांचा. टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाइन थांबल्या, आणि मग शिवणयंत्रं बनवणाऱ्या ब्रदरसकट कितीतरी कंपन्यांनी मिळेल त्या मशीनवर ते व्हॉल्व्ह काढून दिले तेव्हा गाडी रुळावर आली. दुसरं उदाहरण आपल्या दारातलं, जून २०१७ ला नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपची सिस्टम गेली आणि आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनल ठप्प झालं, क्रेनला काही झालं नव्हतं, कुठला कंटेनर कुठे हे सांगणारं कॉम्प्युटर गेलं होतं. आणि स्टक्सनेट हा मशीनच्या कंट्रोलरमध्ये शिरणारा व्हायरस तर २०१० ला सापडला, त्यात कंट्रोलरच मशीनला भलत्या स्पीडला पळवत होता आणि स्क्रीनवर मात्र सगळं नॉर्मल दिसत होतं. हे ऐकल्यावर मला पहिलं आठवलं ते आमच्या लॅबचं डोंगल.

यावरच माझं डिझर्टेशन झालं. भोसरीतली एक छोटी कंपनी, अकरा सीएनसी, प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून मशीनला. मी तीन महिन्यांचे रिजेक्शन टॅग घेऊन बसलो. सगळे म्हणायचे टूल वेअर. टॅग आणि ड्रॉइंगच्या तारखा शेजारी ठेवल्या तर कळलं की बोअरचा साइज बदलल्यावर नवीन ड्रॉइंग आलं, पण कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर जुन्या रिव्हिजनचा (आधीच्या ड्रॉइंगचा) प्रोग्रॅम राहिला आणि रात्रीच्या ऑपरेटरने तोच टाकला. त्याची काय चूक, फाइलचं नाव दोन्हीकडे तेच. मग डीएनसी सर्व्हर (सगळ्या मशीनला प्रोग्रॅम पाठवणारा एक कॉम्प्युटर) लावला, फाइलच्या नावात रिव्हिजन, जॉबसोबत फिरणाऱ्या रूट कार्डवर बारकोड, स्कॅन केलं की बरोबर तोच प्रोग्रॅम मशीनला. जुन्या प्रोग्रॅममुळे होणारं रिजेक्शन थांबलं, मालक खूश, मी पण खूश.

मग रिव्ह्यूला मॅडमनी विचारलं, सर्व्हर बंद पडला तर? आधी एक पेनड्राइव्ह चुकला तर एक मशीन चुकायचं, आता अकराच्या अकरा उभ्या राहणार. मी त्या दिवशी नाराज झालो होतो, खरं सांगतो. पण पुढचे दोन महिने त्यावरच गेले आणि तेच काम माझ्या रिपोर्टमधलं सगळ्यात चांगलं आहे. प्रत्येक मशीनजवळ लोकल कॉपी, ती सर्व्हरच्या कॉपीशी जुळते का हे शिफ्ट सुरू होताना तपासणं, न जुळल्यास मशीन सुरूच होणार नाही, आणि सर्व्हरच नसेल तर सुपरवायझर छापील यादीवर रिव्हिजन बघून सही करणार. सहीची ही ओळ घालायला मालक तयार नव्हते, कॉम्प्युटर आल्यावर परत कागद कशाला म्हणाले. तिथल्या सुपरवायझर काकांनीच त्यांना पटवलं.

म्हणून माझी मुख्य तक्रार सिलॅबसवर आहे. सीआयएम आणि रिस्क हे दोन विषय वेगवेगळ्या सेमला, वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे लोक शिकवतात आणि रिस्क तर इलेक्टिव्ह, नाही घेतलं तरी डिग्री मिळते. माझ्या बॅचमधल्या सहा जणांनी घेतलंच नाही, ते आज कारखाने जोडायचंच काम करतायत. हा पेपर कंपल्सरी पाहिजे आणि त्याचं प्रॅक्टिकल त्याच सेलवर पाहिजे, मुद्दाम नेटवर्क केबल काढून ठेवा आणि मुलांना सांगा आता चालवून दाखवा.

कोणी घ्यावं? दोन-तीन वर्षं शॉपवर काढलेल्यांनी डोळे झाकून घ्यावं. बीई झाल्या झाल्या येणाऱ्यांना अर्ध्या गोष्टी नुसत्या व्याख्या वाटतात, माझ्या बॅचला तसं होताना बघितलंय, त्यांनी आधी एक वर्ष तरी कुठे काम करावं, गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. प्लेसमेंट माझ्या वेळी ठीक होतं, पण बहुतेक ऑफर डिझाइन सॉफ्टवेअरच्या, मॅन्युफॅक्चरिंगमध्ये जायचं असेल तर डिझर्टेशन कंपनीत करा आणि तिथूनच ओळखी काढा, मला नोकरी तशीच लागली.

प्रवेशाच्या कॅप राउंडला ऑप्शन भरायच्या आधी कॉलेजला एकदा जाऊन या. ओपन डेला नको, साध्या मंगळवारी जा. लॅब असिस्टंटना भेटा, रॅकमधून एक ब्लँक (कच्चा तुकडा) काढून, मशिन करून, कॅमेऱ्याने मोजून परत रॅकमध्ये ठेवून दाखवा म्हणा. आणि तो पीसी कुठला ते विचारा, त्याचा बॅकअप कुठे आहे ते पण विचारा.